दीड मीटरची निलगिरी : उंची नको, देठ पाहा

पर्थमध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. पुढच्या अंगणात दीड मीटर उंचीचे, वेडेवाकडे पसरलेले झुडूप आहे. पाने जाड, पांढुरकी, पिठूळ. फांदीला चिकटून तळहाताएवढी लाल फुले येतात. घरमालक सांगतात की ही निलगिरी. वाचकाच्या डोळ्यांसमोर मात्र महाराष्ट्रात बांधावर ओळीने उभी असलेली, मान वर करून पाहावी लागणारी निलगिरी आहे. म्हणून विचारणा अशी: ही खरेच निलगिरी आहे का? असेल तर खुंटलेली आहे का? खालून छाटली तर मरेल का? आणि बी पुण्याला आईकडे पाठवले तर तिथे रुजेल का?

घरमालक बरोबर सांगत आहेत. ही निलगिरीच आहे आणि ती खुंटलेलीही नाही. दीड मीटर ही तिची नेहमीची उंची म्हणता येईल. वर्णनावरून ती युकॅलिप्टस मॅक्रोकार्पा असावी, स्थानिक लोक जिला मॉटलकाह म्हणतात. "असावी" म्हणतो, कारण हिच्या दोन-तीन सख्ख्या जाती पर्थच्या बागांतून लावलेल्या असतात आणि लांबून घेतलेल्या फोटोत त्या एकसारख्या दिसतात. नक्की करण्याचे काम तुम्हालाच झाडाजवळ जाऊन करावे लागेल. त्याला फार तर दहा मिनिटे लागतील.

प्रश्न चार असले तरी मुळात गोष्ट एकच आहे: झाडाचा बांधा कोणता? तो कळला की छाटणी किती खालून करायची, पाणी किती द्यायचे आणि पुण्याची हवा मानवेल का, हे सगळे त्यातूनच निघते. बांधा ठरवताना बहुतेकांची नजर आधी उंचीकडे आणि फुलाच्या रंगाकडे जाते. निलगिरीत या दोन्ही गोष्टी फसव्या आहेत. उंची जमीन, वणवा आणि करवत यांच्यावर अवलंबून असते, आणि एकाच जातीत लाल, गुलाबी, पिवळसर अशी फुले सापडतात. मी आधी देठ पाहतो: पानाचा, कळीचा आणि फळाचा. देठ आहे की नाही, असला तर किती लांब, एका जागी कळ्या किती. निम्मी ओळख तिथेच होते.

आधी झुडूप का, ते पाहू. या जातीचे शास्त्रीय वर्णन ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जॅक्सन हूकर यांनी १८४२ साली प्रसिद्ध केले. नमुने जेम्स ड्रमंड यांनी गोळा केलेले होते. जंगलात ती फक्त पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात मिळते: पर्थच्या उत्तरेकडचे वाळूचे माळ आणि आतला गव्हाचा पट्टा. तिथल्या खुरट्या झुडपी माळरानाला क्वोंगन म्हणतात. जमीन वाळूची, कुठे कुठे खाली जांभ्याची खडी, अन्नद्रव्ये अगदी थोडी, उन्हाळे कोरडे आणि वणवे ठरलेले. अशा ठिकाणी एकच उंच खोड वाढवण्यात झाडाचा तोटा आहे. म्हणून इथल्या अनेक निलगिरी जमिनीलगतच पुष्कळ खोडे काढतात. अशा बांध्याला मॅली म्हणतात. मॅक्रोकार्पाची उंची जमिनीनुसार पाऊण-एक मीटरपासून पाच मीटरपर्यंत असते. तुमची दीड मीटरची त्यात आरामात बसते.

मॅलीचे मूळ भांडवल जमिनीत असते. रोप लहान असतानाच बीजपत्रांच्या आणि पहिल्या काही पानांच्या बगलेत गाठी येतात. त्या वाढून एकमेकींत मिसळतात, खोडाला वेढतात आणि जमिनीच्या पातळीवर किंवा थोडा खाली लाकडाचा एक गड्डा तयार होतो. यालाच लिग्नोट्यूबर म्हणतात. त्यात झोपलेले डोळे असतात आणि ते जागे झाल्यावर पुरेल इतका पिष्टमय साठा असतो. वणव्याने वरचे सगळे जळाले तरी हा गड्डा वाचतो आणि त्यातून नवी खोडे फुटतात. तुमच्या छाटणीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे.

इथे एक खुलासा. गड्डा असला म्हणजे मॅलीच, असे नाही. आपल्याकडे लागवडीत असलेल्या टेरेटिकॉर्निस जातीच्या निलगिरीलाही गड्डा येतो, म्हणून तर शेतकरी तोडणीनंतर त्याच बुंध्यावरून फुटव्याचे पुढचे पीक घेतात. उलट कॅरीसारख्या काही प्रचंड निलगिरींना गड्डा येतच नाही. मॅली ठरवायची तर गड्ड्याबरोबर खोडांची रचनाही पाहावी लागते. बुंध्याजवळची माती हाताने आठ-दहा सेंटिमीटर बाजूला करा. खुरपे वापरू नका, साल सोलली जाते. वेगवेगळ्या जाडीची खोडे एका सामाईक लाकडी फुगवट्यातून निघालेली दिसली तर मॅली. मधोमध कापल्याचा जुना व्रण आणि भोवती सारख्याच वयाचे फुटवे दिसले, तर ते कोणीतरी तोडलेले झाड असू शकते आणि मग माझे पुढचे निम्मे म्हणणे तुम्हाला लागू होणार नाही. पाहून झाले की माती पुन्हा सारखी करून ठेवा.

खोडाची साल गुळगुळीत असते. वरचा थर राखाडी, आणि तो सुटला की आत गुलाबी-नारिंगी. एवढ्यावर जात ठरवू नये, कारण गुळगुळीत साल कित्येक निलगिरींना असते.

पानांकडे मात्र सावकाश पाहायला हवे, कारण या झाडाची खरी गंमत पानांत आहे. बहुतेक निलगिरींना आयुष्यात दोन प्रकारची पाने येतात. रोपावर आणि फुटव्यावर येणारी बालपाने रुंद, पुष्कळदा समोरासमोर, काही जातींत बिनदेठाची आणि पांढुरकी. पुढे मोठ्या झाडावर येणारी प्रौढ पाने लांबट, कोयत्याच्या पात्याच्या आकाराची, देठाने लोंबणारी आणि एकाआड एक. उटीला जिथे ग्लोब्युलस जातीची निलगिरी तोडली आहे, तिथल्या खुंटावरचे फुटवे आठवा: चौकोनी काडी, त्यावर बिनदेठाची चांदीसारखी पाने जोडीजोडीने. त्याच झाडाच्या शेंड्यावरची पाने इतकी निराळी असतात की दोन्ही एकाच जातीची हे पटत नाही.

मॅक्रोकार्पा ही दुसरी पायरी गाठतच नाही. तिच्या अख्ख्या पसाऱ्यात बालपानेच असतात, आणि त्याच अवस्थेत ती फुलते-फळते. पाने समोरासमोर, एक जोडी पूर्व-पश्चिम तर पुढची दक्षिण-उत्तर, आणि देठ नाही. पात्याचा तळ सरळ फांदीला टेकलेला. लांबी साधारण ५ ते १२ सेंटिमीटर, रुंदी ३ ते ८, आकार अंडाकृती ते रुंद भाल्यासारखा, टोक अणकुचीदार. दोन्ही बाजू सारख्याच मळकट-पांढऱ्या. आंबा-फणसाच्या पानासारखा वरून गडद आणि खालून फिका असा फरक नाही.

तो पांढरेपणा म्हणजे मेण. बोटाने घासले की निघते आणि खाली हिरवे पान दिसते. कडक ऊन परतवणे आणि पाणी न टिकू देणे ही त्याची कामे. घासून गेलेले मेण त्या पूर्ण वाढलेल्या पानावर पुन्हा नीट चढत नाही, म्हणून ओळख पटवायला एखादेच, मागच्या बाजूचे पान वापरा. याच कारणाने या झाडावर साबणाचे पाणी, कडुनिंबाचे तेल किंवा कुठलेही तेलकट फवारे मारू नयेत. कीड मरेल न मरेल, पाने मात्र डागाळतात आणि झाडाचे रूप जाते.

मेण पुसलेले पान उन्हासमोर धरून पाहा. निलगिरीच्या पानात तेलाच्या ग्रंथी असतात आणि त्या बारीक पारदर्शक ठिपक्यांसारख्या दिसतात. चुरगाळले की वास येतोच. वासावरून कूळ कळेल, जात नाही.

आता फूल. निलगिरीच्या फुलाला दिखाऊ पाकळ्या नसतात. फुलाच्या बाहेरच्या भागांची मिळून कळीवर एक टोपी बनते, आणि फूल उमलायच्या वेळी ती कुंकवाच्या करंड्याच्या झाकणासारखी अख्खी निघून पडते. आत दाबून बसलेले असंख्य पुंकेसर मोकळे होतात. आपल्याला दिसणारा लाल रंग या पुंकेसरांच्या तंतूंचा, आणि टोकाचे पिवळे ठिपके परागकोशांचे. झाडाखाली शंकूच्या आकाराच्या, जाड, पांढुरक्या टोप्या पडलेल्या सापडतील. त्यांतल्या दोन-तीन जपून ठेवा, ओळखीला उपयोगी पडतात.

मॅक्रोकार्पाची कळी ३ ते ५ सेंटिमीटर लांब, मेणाने माखलेली, टोपी चोचीसारखी निमुळती. उमललेले फूल १० सेंटिमीटरपर्यंत जाते. निलगिरीच्या कुळात याहून मोठे फूल क्वचितच पाहायला मिळते. रंग बहुधा लालभडक, कधी गुलाबी, क्वचित पिवळसर पांढरा. बहर मुख्यतः तिकडच्या वसंतात, पण बागेत पुढेमागे होतो. पुंकेसरांच्या तळाशी असलेल्या वाटीत मध साठतो आणि मधुभक्षी पक्षी त्यासाठी येतात. फूल जमिनीपासून गुडघाभर उंचीवर असले तरी त्यांना चालते, फांदी वजन पेलणारी असली म्हणजे झाले.

खरी खूण मात्र कळी बसते कशी, ही आहे. निलगिरीच्या कळ्या पानाच्या बगलेत एका दांड्यावर गुच्छाने येतात आणि त्यांची संख्या बहुधा विषम असते: तीन, सात, अकरा आणि पुढे. कारण असे की मधली एक कळी आणि तिच्या दोन्ही अंगांना पुन्हा तशीच फाटाफूट, अशी ती रचना आखडून गुच्छ झालेली असते. एकटी कळी म्हणजे ही रचना आखडता आखडता शेवटच्या टोकाला पोचली. इथे दोन देठ वेगळे ओळखायचे: अख्ख्या गुच्छाचा दांडा आणि प्रत्येक कळीचा स्वतःचा देठ. मॅक्रोकार्पात कळी एकटी असते आणि हे दोन्ही एक तर नसतातच किंवा अगदी आखूड, जाड असतात. त्यामुळे फूल फांदीवर चिकटवल्यासारखे दिसते. तुमच्या प्रश्नातले "फांदीला चिकटून" हे शब्द वाचूनच माझा कल या जातीकडे गेला. लाल रंगामुळे नाही.

पण एकट्या खुणेवर विसंबू नका. उटीच्या ग्लोब्युलसलाही कळी बहुधा एकटी आणि जवळपास बिनदेठाची असते, वर पांढरे मेणही असते. ते मात्र प्रचंड वृक्ष आहे, फूल पांढरट आणि प्रौढ पाने लांब देठाची. म्हणजे खुणा जोडीने धरायच्या: पूर्ण वाढलेल्या, फुलणाऱ्या फांदीवरही बिनदेठाची बालपाने आणि त्यांच्याच बगलेत एकटी, बिनदेठाची, मोठी कळी.

फळ म्हणजे कठीण लाकडी बोंड. चपट्या अर्धगोलाच्या आकाराचे, रुंदी ४ पासून ९ सेंटिमीटरपर्यंत. जातीच्या नावातला मॅक्रोकार्पा हा शब्द मोठ्या फळावरूनच आला. वरच्या तोंडाशी रुंद, उंचवट्याची कड आणि मधून चार किंवा पाच झडपांची टोके बाहेर आलेली. फळे वर्षानुवर्षे फांदीला राहतात. त्यामुळे फुलांचा हंगाम नसला तरी ही जात ओळखता येते. आणि याच फळांच्या वजनाने फांद्या जमिनीकडे झुकतात. झुडूप पसरट दिसते त्याचे एक कारण हेही आहे, रोग नव्हे.

आता ज्यांच्याशी गोंधळ होतो त्या जाती. सगळ्यात जवळची ऱ्होडँथा, म्हणजे रोझ मॅली. तिचे वर्णन १९३८ साली झाले. जंगलात ती थोड्याच ठिकाणी उरली आहे आणि तिला कायद्याने संरक्षण आहे, पण बागांमध्ये मिळते. पानेही पांढुरकी, समोरासमोर, बिनदेठाची; पण गोलसर-हृदयाकृती. कळी एकटीच असते, मात्र तिला स्पष्ट दिसणारा दांडा असतो आणि फूल खाली मान घालून लोंबते. फूल चिकटलेले की लोंबते, एवढे पाहिले तरी बहुधा निकाल लागतो.

पिरिफॉर्मिस ही दुसरी. तिची पाने देठाची, एकाआड एक, कळ्या तिनाच्या गुच्छात, लांब देठावर, आणि कळीवर उभ्या कडा. फुले लाल, गुलाबी किंवा पिवळसर, मोठी आणि देखणी. केवळ फुलाचा फोटो काढून विचारले की लोक हिला मॅक्रोकार्पा म्हणून मोकळे होतात.

तिसरी सीझिया. तिचा एक प्रकार सिल्व्हर प्रिन्सेस या नावाने रोपवाटिकांत भरपूर विकला जातो. पांढऱ्या, लोंबत्या फांद्या, गुलाबी फुले, कळ्या तीन-तीन आणि पानांना देठ. खोडावरची तांबूस साल उभ्या वळ्यांत कुरळी होऊन सुटते, ही तिची खूण. चांदीचा रंग हा सगळ्या गोंधळाचे मूळ आहे. तो मेणाचा रंग आहे आणि मेण अनेक जातींना असते.

मॅक्रोकार्पाच्याही दोन उपजाती मानतात. दुसरी, एलाकँथा, १९९३ साली वेगळी केली गेली. ती आणखी बुटकी, पाने, कळ्या आणि फुले लहान, आणि जंगलात एनीबा-बॅजिंगारा या भागातली. तुमचे झुडूप बुटके असून फुले तळहाताएवढी असतील तर ती नेहमीचीच उपजात असण्याची शक्यता जास्त. मात्र निलगिरींचे आपसात सहज संकर होतात. बागेतले झाड बियाचे असेल आणि बी दुसऱ्या मॅलींच्या शेजारच्या झाडाचे असेल, तर देठ मध्यम लांबीचा, पाने काही बिनदेठाची तर काही आखूड देठाची, असा मिश्र प्रकार दिसू शकतो. तसे दिसले तर नावाचा हट्ट सोडा. छाटणी आणि पाणी तसेच राहील.

छाटणीबद्दल. निरोगी, तीन-चार वर्षांपेक्षा जुनी, गड्डा धरलेली मॅली खालून कापली तरी बहुधा मरत नाही. पण बहुधा. गड्ड्यातला साठा संपलेला असेल, बुंधा पाणथळ राहून कुजला असेल किंवा मागच्या वर्षीच कोणी कापली असेल, तर फुटवे येत नाहीत. म्हणून मी सगळे एकदम कापायला सांगत नाही. हिवाळा सरताना, ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात, सगळ्यात जुने एक खोड गड्ड्यापासून १० ते २० सेंटिमीटर उंचीवर करवतीने कापा. पाते आधी स्पिरिटने पुसून घ्या. काप थोडा तिरका, पाणी थांबू नये असा. त्यावर पेस्ट किंवा रंग लावायची गरज नाही. दीड-दोन महिन्यांत खुंटाच्या आसपास तांबूस-पांढरे कोंब दिसले तर गड्डा जिवंत आणि तरतरीत आहे. मग उरलेली खोडे पुढच्या वर्षी कापता येतील.

फुटवे डझनांनी येतात. ते ३०-४० सेंटिमीटर झाले की चोहोबाजूंनी विखुरलेले पाच ते सात ठेवा, बाकीचे लहान असतानाच बोटांनी मोडून काढा. पूर्ण कापलेल्या झाडाला फुले यायला दोन-तीन वर्षे जातात, हे आधीच गृहीत धरा. भर उन्हाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी, खालून कापू नका. कोवळे कोंब करपतात आणि साठा वाया जातो.

तुमची अडचण केवळ फांद्या पायवाटेवर येतात एवढीच असेल तर इतके करायची गरजच नाही. बहर ओसरला की लांब फांद्यांची टोके २०-३० सेंटिमीटरने, पानांच्या जोडीच्या जरा वर कापा आणि जुनी फळे काढून टाका. वजन उतरले की फांदी उचलते. पसारा पूर्ण जाणार नाही. हे झाड गोल कातरून ठेवायचे नाही, तसा प्रयत्न केला की दरवर्षी कळ्याच कापल्या जातात. आणि घर भाड्याचे आहे, तेव्हा करवत काढण्याआधी मालकांना विचारा.

पाणी आणि खत यांत लोक मायेने चुकतात. लागवडीच्या पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्या-दहा दिवसांतून एकदा आठ-दहा लिटर पाणी बुंध्याजवळ सावकाश सोडावे, म्हणजे मुळे खोल जातात. नंतर पर्थच्या पावसावर भागते. फारच लांबलेल्या कोरड्या काळात महिन्यातून एखादे भरपूर पाणी पुरे. स्प्रिंकलरचे रोजचे शिंतोडे सगळ्यात वाईट: पानांवर डाग पडतात, मेण जाते आणि मुळे वरच घुटमळतात. पर्थची वाळू उन्हाळ्यात पाणी झिडकारते. ओतलेले पाणी बाजूला वाहून जाते आणि दोन बोटे खाली माती कोरडीच असते. अशा वेळी वाळूला पाणी धरायला लावणारे द्रावण तिथल्या दुकानांत मिळते, ते वर्षातून एकदा वापरावे. नत्राचे खत भरपूर दिले की फांद्या लांब, लुसलुशीत होऊन आडव्या पडतात. वसंतात एकदा मूठभर, कमी स्फुरदाचे, तिथल्या देशी झाडांसाठी मिळणारे हळू विरघळणारे खत पुरे; न दिले तरी चालते. आच्छादन घालाल तर बुंध्यापासून वीतभर दूर ठेवा. ओली लाकडी भुशी गड्ड्याला लागून राहिली की साल कुजते, आणि मग छाटणीनंतर फुटवे न येण्याचे कारण शोधत बसावे लागते.

राहिले पुणे. वार्षिक पाऊस पाहिला तर पर्थ आणि पुणे जवळपास सारखेच, दोन्हीकडे साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर. शिवाय दोन्हीकडे तो मुख्यतः जून ते सप्टेंबरच्या आसपास पडतो. आकडे बघून कोणालाही वाटेल की चालेल. पण पर्थचा जून हिवाळ्यातला. थंड मातीत पडणारा पाऊस वाळूतून खाली निघून जातो, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. पुण्यात पाऊस येतो तेव्हा माती उबदार, हवा दमट, आभाळ आठवडेच्या आठवडे झाकलेले. मुळे कुजवणाऱ्या बुरशींना उबदार ओल हवी असते, आणि पानांवरच्या मेणाला ऊन-वारा. त्यात काळी चिकणमाती असेल तर पहिलाच पावसाळा अवघड. कोकणात किंवा गोव्यात तर विचारच नको.

तरीही हौस असेल तर जमिनीत न लावता कुंडीत करा. निदान ४० सेंटिमीटर खोल, खाली भरपूर भोके असलेली कुंडी. तीन भाग जाड वाळू किंवा बारीक खडी आणि एक भाग कोकोपीट. शेणखत, गांडूळखत नको. जून ते सप्टेंबर कुंडी छताखाली, पण दिवसभर उजेड आणि वारा मिळेल अशा जागी ठेवायची आणि मिश्रण वरून दोन बोटे सुकले तरच पाणी. बाकीचे आठ महिने उघड्यावर, पूर्ण उन्हात. झाड कदाचित जगेल. फुलेल याची हमी मी देणार नाही. पानांसाठी ठेवायचे असेल तर मात्र ते कष्ट वाया जाणारे नाहीत.

बी काढणे सोपे आहे. फांदीवर निदान एक वर्ष राहिलेले, करड्या-तपकिरी रंगाचे, झडपा बंद असलेले फळ कापून कागदी पिशवीत घाला आणि कोरड्या, उबदार जागी ठेवा. काही दिवसांत झडपा उघडतात आणि बी पिशवीत पडते. आलेले सगळे बी नसते. त्यात पुष्कळसा कोंडा असतो, न फळलेल्या बीजांडांचा. खरे बी गडद आणि ठसठशीत, कोंडा फिका आणि बारीक. पेरण्याआधी भिजवणे, खरवडणे काही लागत नाही. ओल्या वाळूमिश्रित मातीवर पसरून वर दोन-तीन मिलिमीटर वाळू भुरभुरा. २० ते २५ अंश तापमानात एक ते तीन आठवड्यांत उगवते. वरून पाणी ओतू नका, ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल द्या, नाहीतर रोपे बुडाशी कुजून आडवी पडतात. पहिली दोन बीजपत्रे मधोमध दुभंगलेली, वाय अक्षरासारखी दिसतील. तशी नसतील तर दुसरेच काही उगवले आहे. खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की उंच, अरुंद पिशवीत हलवा. मुळे पिशवीत गोल फिरू लागण्याआधी कायमच्या जागी लावा, कारण गुंडाळलेली मुळे पुढे सरळ होत नाहीत आणि झाड चार वर्षांनी वाऱ्यात उपटते.

पण ही पेरणी तुमच्या पर्थच्या अंगणापुरतीच ठेवा. लागवडीचे बी भारतात आणायचे तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आधी आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. पाकिटात घालून टपालाने पाठवणे किंवा सामानातून नेणे यात बसत नाही. आणि फळे अंगणातल्या झाडाचीच घ्या. पश्चिम ऑस्ट्रेलियात सरकारी जमिनीवरची देशी झाडे, त्यांची फुले किंवा बी परवान्याशिवाय तोडता येत नाहीत.

नाव पक्के करायचे असेल तर चार फोटो टाका: पानाची जोडी फांदीला कशी जोडली आहे ते जवळून, न उमललेली कळी बाजूने आणि तिच्या तळाशी मोजपट्टी धरून, जुने फळ वरून झडपा मोजता येतील असे, आणि माती बाजूला करून दिसणारा बुंधा. फुलाचा फोटो नसला तरी चालेल.